इंग्रजी शब्दाचा माग कसा काढावा

इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती शोधायला लॅटिन किंवा ग्रीक यायलाच हवे असे नाही. दोन-तीन भरवशाचे कोश, एक वही आणि थोडा संशयी स्वभाव एवढ्यावर काम भागते. मराठी वाचकाला तर एक फायदाही असतो: संस्कृतचे शेकडो शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात आणि पुढे ते फार उपयोगी पडतात. फसगत होते तीही तिथेच. इंग्रजी आणि संस्कृत शब्द कानाला सारखे लागले की 'हा आपल्याकडूनच तिकडे गेला' असे म्हणून माणूस मोकळा होतो, आणि शोध सुरू होण्याआधीच संपतो.

सुरुवातीला वंशावळ

आजच्या इंग्रजीपासून मागे जाताना लागणारे टप्पे असे: साधारण १५०० ते ११५० या काळातली मध्य इंग्रजी, ११५० ते ४५० या काळातली प्राचीन इंग्रजी, तिच्यामागे पश्चिम जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच यांचे घराणे), मग आद्य जर्मानिक, आणि सगळ्यांत मागे आद्य भारत-युरोपीय. शेवटच्या भाषेतली एकही ओळ कुठे कोरलेली किंवा लिहिलेली सापडलेली नाही. तिच्यापासून निघालेल्या भाषांची तुलना करून तिचे शब्द पुन्हा मांडलेले आहेत. असा मांडलेला शब्द असेल तर कोश त्याच्या डोक्यावर तारा (*) ठेवतात. तारा दिसला की समजायचे, हे रूप अनुमानाचे आहे. अनुमान पक्के असू शकते, पण त्याला 'लिखित पुरावा' म्हणू नये.

या सरळ रेषेत बाजूने लोक शिरत गेले. आठव्या ते अकराव्या शतकात स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्यांबरोबर नॉर्स शब्द आले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. १५०० नंतर विद्वानांनी लॅटिन-ग्रीकमधून थेट शब्द उचलले, आणि १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाल्यानंतर आपल्याकडचे शब्द गलबतांतून जाऊ लागले; काही तर पोर्तुगीजांमार्फत त्याआधीच पोचले होते.

कोश कोणते आणि ते वाचायचे कसे

सर्वांत भक्कम आधार ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पूर्ण व्हायला १९२८ उजाडले. प्रत्येक अर्थासाठी तारखेसह जुनी उद्धरणे देणे हे तिचे वैशिष्ट्य. तिला वर्गणी पडते, पण बऱ्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून ती वाचता येते. फुकटात पाहायचे तर एटिमऑनलाइन आणि विक्शनरी आहेत. मध्य इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश आणि प्राचीन इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टोलर हा कोश, दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. भारतातून गेलेल्या शब्दांसाठी १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन, टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आणि आपला मोल्सवर्थ हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी बाजू तपासायला कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६) हाताशी असावा.

एक सावधगिरी. एटिमऑनलाइन आणि विक्शनरी यांचे एकमत झाले म्हणजे दोन साक्षीदार मिळाले असे नाही. दोघेही बहुतेक वेळा त्याच जुन्या छापील कोशांवर विसंबलेले असतात. दुसरा साक्षीदार हवा असेल तर त्या त्या काळाच्या कोशात जाऊन मूळ उद्धरण बघावे.

नोंदीतल्या खुणा पहिल्या दिवशीच शिकून घ्या. तारखेआधी 'सी' हे अक्षर असेल तर 'सुमारे', 'ए' असेल तर 'त्या वर्षापूर्वी'. डावीकडे टोक असलेला बाण म्हणजे 'यापासून आला'. आणि 'सी-एफ' म्हणजे 'तुलना करा'. मराठी वाचक सर्वांत जास्त ठेचकाळतो तो या शेवटच्या खुणेवर. 'नेम' या शब्दाच्या नोंदीत 'सी-एफ संस्कृत नामन्' असे दिसले की 'नेम' हा 'नामन्'वरून आला असा अर्थ लावला जातो. कोशाला म्हणायचे असते एवढेच, की दोन्ही शब्द एका तिसऱ्या, त्यांच्याहून जुन्या शब्दाची लेकरे आहेत. चुलत भावाला कोणी बाप म्हणत नाही.

पायरी १: शब्द रोमन लिपीत लिहा आणि सुटा करा

देवनागरीत लिहिलेला इंग्रजी शब्द पुरावा म्हणून वापरू नका. 'फादर'मधला 'द' आणि 'थ्री'मधला 'थ' हे आपण सोयीने लिहितो. इंग्रजीत दोन्हीकडे टी-एच आहे, आणि तो ध्वनी आपल्या 'द' किंवा 'थ'सारखा जीभ दातांना पूर्ण टेकवून निघत नाही, तो घासत निघतो. 'नो' (जाणणे) आणि 'नी' (गुडघा) यांच्या आधीचा मुका 'के' तर देवनागरीत साफ गायब होतो, आणि शोधाची किल्ली नेमकी त्या 'के'मध्ये असते.

मग उपसर्ग-प्रत्यय वेगळे करा. 'अननोएबल' या एका शब्दात तीन तुकडे आणि दोन घराणी आहेत: 'अन' जर्मानिक, 'नो' जर्मानिक, आणि 'एबल' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला प्रत्यय. अख्ख्या शब्दाचे मूळ शोधू गेलात तर हाती गोंधळ येईल. आधी गाभा घ्या.

पायरी २: पहिली नोंद कधीची?

अर्थाकडे किंवा उच्चाराकडे वळण्याआधी तारीख बघा. शब्द १०६६ च्या आधी सापडत असेल तर तो बहुधा घरचा जर्मानिक, नाहीतर चर्चबरोबर आलेला लॅटिन किंवा नॉर्स असतो. १२०० ते १५०० दरम्यान उगवला असेल तर फ्रेंचवर संशय घ्या. १५०० नंतरचा आणि शास्त्रीय वळणाचा असेल तर लॅटिन-ग्रीक.

तारखेचा दुसरा उपयोग लोककथा झटकायला होतो. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरे, ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. 'न्यूज' हा 'न्यू'चाच विस्तार, 'नव्या गोष्टी' या अर्थाचा, मध्य इंग्रजीतला. आद्याक्षरे जोडून शब्द घडवायची रीत इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात. म्हणून त्याआधीच्या कोणत्याही शब्दाची आद्याक्षरी व्युत्पत्ती कोणी सांगू लागले तर ती खोटी धरून चाला. अपवाद सापडायची शक्यता फार कमी.

पायरी ३: स्पेलिंग वाचा, पण त्याच्यावर भाळू नका

स्पेलिंगमध्ये घराण्याच्या खुणा असतात. मुका 'के-एन', 'डब्ल्यू-एच' आणि मधला मुका 'जी-एच' दिसले की शब्द जर्मानिक. 'नाइट' (रात्र) मधला 'जी-एच' एके काळी खरखरीत 'ख'सारखा उच्चारला जाई. तो लॅटिन 'नोक्त-' आणि संस्कृत 'नक्तम्' यांच्यातल्या 'क'चा अवशेष आहे. 'पी-एच' आणि 'क'सारखा उच्चारला जाणारा 'सी-एच' ग्रीककडे नेतात. शब्दाच्या सुरुवातीला 'एस-के' असेल तर नॉर्सची शंका घ्यावी, कारण प्राचीन इंग्रजीत 'स्क'चा 'श' झाला होता. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' हे मुळात एकच. पहिला घरचा, दुसरा नॉर्सकडचा.

आता सापळे. 'आयलंड'मधला मुका 'एस' बघून लॅटिन 'इन्सुला' आठवते, आणि चूक होते. प्राचीन इंग्रजीत हा शब्द 'ईएगलंड' होता, त्यात 'एस' कुठेच नव्हता. फ्रेंचकडून आलेल्या 'आइल' या वेगळ्या शब्दाकडे बघून सोळाव्या शतकाच्या सुमारास तो आत घुसवला गेला. 'डेट' (कर्ज) मधला 'बी'ही असाच: फ्रेंचमधून शब्द आला तो 'देत्त' असा, बीविना, नंतर विद्वानांनी लॅटिन 'देबितुम'ची आठवण म्हणून 'बी' घातला. इथे लॅटिन मूळ खरे आहे, पण अक्षर मागाहून चिकटवलेले. म्हणून आजच्या स्पेलिंगवरून थेट उडी मारू नका. मध्य इंग्रजी कोशात त्याची जुनी रूपे काय होती ते आधी पाहा.

पायरी ४: एकेक टप्पा मागे

वहीत पाच रकाने आखा: भाषा, रूप, अर्थ, काळ, आणि 'आधीच्या रूपाचे हे रूप कसे झाले'. पाचवा रकाना रिकामा राहिला तर तो टप्पा सिद्ध झालेला नाही. बहुतेक नवशिके चार रकाने भरून थांबतात.

'व्हील' हा शब्द घेऊन हे करून पाहू.

आजचे रूप 'डब्ल्यू-एच'ने सुरू होते. मध्य इंग्रजीतही 'व्हील', 'व्हेल' अशी रूपे, अर्थ तोच. प्राचीन इंग्रजीत 'ह्वेओल', काही ठिकाणी 'ह्वेओगोल'. म्हणजे मुळात 'ह' आधी आणि 'व' नंतर होता; नॉर्मन काळानंतरच्या लेखनिकांनी अक्षरांची अदलाबदल करून 'डब्ल्यू-एच' लिहायला सुरुवात केली. पाचव्या रकान्यात हे लिहा. नॉर्समध्ये 'ह्योल'. या सगळ्यांवरून आद्य जर्मानिकचे *ह्वेह्वल- असे रूप मांडतात. त्याच्या मागे आद्य भारत-युरोपीय *क्वेक्वलोस. 'क्व'चा 'ह्व' कसा झाला? तो ग्रिमचा नियम, सहाव्या पायरीत येईल. अर्थ: 'फिरणारे'. 'फिरणे' अर्थाचा धातू *क्वेल्-, त्याचे पहिले अक्षर दुप्पट करून शब्द केला आहे. संस्कृतातही 'जगाम', 'चकार' या रूपांत अशी द्विरुक्ती दिसते.

आता त्याच *क्वेक्वलोसच्या इतर वाटा बघा. ग्रीकमध्ये 'कुक्लोस', तिथून लॅटिन 'किक्लुस', आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'सायकल'. संस्कृतात 'चक्र', प्राकृतात 'चक्क', मराठीत 'चाक'. म्हणजे 'सायकलचे चाक' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो, एकदा ग्रीसमार्गे आणि एकदा प्राकृतमार्गे. इंग्रजीने तर हा शब्द तिसऱ्यांदाही घेतला: योगाच्या पुस्तकांतला 'चक्र' हा थेट संस्कृतमधून उचललेला. एकाच भाषेत तीन रूपे, तीन वेगळ्या वाटांनी. लॅटिनमध्ये चाकाला मात्र 'रोता' म्हणत. 'रोटरी', 'रोटेट' तिकडचे, आणि त्याचा संस्कृत नातेवाईक 'रथ'.

'चक्र'मध्ये एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. मुळात दोन्ही व्यंजने सारखी, 'क्व' आणि 'क्व'. मग संस्कृतात पहिल्याचा 'च' आणि दुसऱ्याचा 'क' का झाला? कारण पहिल्या 'क्व'नंतर 'ए' हा स्वर होता. 'ए', 'इ' असे पुढचे स्वर आले की जीभ टाळूकडे सरकते आणि 'क'चा 'च' होतो. दुसऱ्या 'क्व'नंतर स्वर नव्हता, 'ल' होता (तो संस्कृतात 'र' झाला), म्हणून तिथे 'क' टिकला. नंतर संस्कृतात त्या 'ए'चाही 'अ' झाला. कारण नाहीसे झाले, परिणाम उरला. ग्रीकने स्वर वेगळे ठेवले आणि संस्कृतने 'अ', 'ए', 'ओ' तिन्ही ऱ्हस्व स्वर 'अ'मध्ये मिसळून टाकले, हे १८७० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आले. 'ग्रीक-लॅटिन संस्कृतमधून निघाल्या' असे म्हणणाऱ्याला ही अडचण सोडवता येत नाही: मूळ स्वर सगळीकडे 'अ'च असता, तर 'च' कुठे आणि 'क' कुठे याला काही कारणच उरत नाही. संस्कृत ही या घराण्यातली फार जुनी आणि फार उत्तम जतन केलेली बहीण आहे, आई नाही.

पायरी ५: वारसा, उसनवारी की योगायोग

इंग्रजी आणि मराठी शब्द सारखे दिसले तर पाच शक्यता असतात, आणि पाचही तपासून पाहाव्या लागतात.

पहिली, दोघांना वारशाने मिळालेला: 'नेम' आणि 'नाव', 'माउस' आणि 'मूषक'. दुसरी, मराठीने इंग्रजीकडून घेतलेला. 'टेबल'बद्दल कोणाला शंका नसते. तिसरी, इंग्रजीने भारतातून घेतलेला. चौथी, दोघांनी तिसऱ्याकडून घेतलेला: 'पोटॅटो' आणि 'बटाटा' हे एकमेकांकडून आलेले नाहीत. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला 'बताता' स्पॅनिशमार्गे इंग्रजीत गेला आणि पोर्तुगीजमार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरला. पाचवी, निव्वळ योगायोग. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', उच्चारही जवळचा, अर्थही तोच, आणि तरीही काडीचा संबंध नाही. हे उदाहरण पाठ करून ठेवा. कोणी केवळ साम्य दाखवून नाते जुळवू लागला की उपयोगी पडते.

तिसऱ्या शक्यतेत मराठीचा थेट वाटा असलेला शब्द म्हणजे 'मुंगूस'. इंग्रजीत 'मंगूस' सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. हॉब्सन-जॉब्सनने त्यासाठी तेलुगूकडे बोट दाखवले आणि मराठी रूपाचीही नोंद घेतली. आजचे कोश मराठीचे नाव घेतात. पण मराठीपाशी थांबू नका. कन्नडमध्ये 'मुंगुसी', तेलुगूत 'मुंगिस' आहे, आणि संस्कृतात या प्राण्याला 'नकुल' म्हणतात, ज्यापासून हिंदीचा 'नेवला' आला. म्हणजे मराठीतला शब्द संस्कृतमधून आलेला नाही, तो दख्खनच्या द्रविड भाषांकडचा दिसतो. इंग्रजीत गेल्यावर त्याच्या शेवटी 'गूस' म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी असल्यासारखे स्पेलिंग झाले. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा साज चढवणे ही लोकव्युत्पत्ती. म्हणूनच अनेकवचन 'मंगूसेस' होते. 'गूस'चे 'गीस' होते तसे ते होत नाही.

वाटेतली बंदरे तपासायला 'शुगर' उत्तम. संस्कृत 'शर्करा' (आधीचा अर्थ खडे, वाळूचे कण), फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर', मध्ययुगीन लॅटिन 'सुक्कारुम', जुनी फ्रेंच 'सुक्र', आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी. मधली अरबी पायरी गाळली तर सुरुवातीच्या 'श'चा 'स' कसा झाला हे सांगता येत नाही. तोच 'शर्करा' भारतातून ग्रीकांकडे 'साक्खारोन' म्हणून पूर्वीच पोचला होता. १८७९ मध्ये शोध लागलेल्या सॅकरिनचे नाव त्यावरून ठेवले. आणि मल्याळममधले त्याचे रूप पोर्तुगीजांनी उचलले, ते इंग्रजीत 'जॅगरी' म्हणजे गूळ झाले. आपल्याकडे साखर आणि गूळ हे दोन वेगळे शब्द, इंग्रजीत दोहोंचे मूळ एक.

'ऑरेंज'ही असाच लांबून आलेला: संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज'. स्पॅनिशने 'नारान्हा'त 'न' ठेवला, फ्रेंच आणि इंग्रजीत तो गळाला. इथेही संस्कृत हा शेवटचा थांबा नाही. 'नारंग' द्रविड भाषांकडून आलेला मानतात.

पायरी ६: ध्वनिनियमांची कसोटी

वारशाचा दावा करायचा असेल तर या कसोटीतून सुटका नाही. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला आणि त्याआधी रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये बऱ्याच अंशी दाखवलेला नियम असा, की आद्य भारत-युरोपीयचे काही स्पर्शध्वनी जर्मानिकमध्ये ठरावीक रीतीने बदलले. संस्कृत येत असेल तर तो लक्षात ठेवणे सोपे आहे.

'प'चा 'एफ': पाद–फूट, पञ्च–फाइव्ह.
'त'चा 'टी-एच': त्रि–थ्री, तनु–थिन.
मूळ 'क'चा 'ह', आणि संस्कृतात तिथे बहुधा 'श': शत–हंड्रेड, शृंग–हॉर्न, श्वन्–हाउंड.
'द'चा 'टी': दश–टेन, द्वि–टू.
मूळ 'ग'चा 'क', संस्कृतात 'ग' किंवा 'ज': युग–योक (आपले जू), गौ–काउ, जानु–नी, ज्ञा–नो. शेवटच्या दोन शब्दांतला मुका 'के' म्हणजे 'जानु' आणि 'ज्ञा' यांतल्या 'ज'चा सोबती.
'भ'चा 'ब': भ्रातृ–ब्रदर, भ्रू–ब्राउ.
'ध'चा 'ड': विधवा–विडो, मधु–मीड.
मूळ 'घ'चा 'ग', संस्कृतात बऱ्याचदा 'ह': हंस–गूस.

हंस आणि गूस यांच्यात अनुस्वार कुठे गेला, हे विचारलेत तर शिकायला लागलात असे समजा. इंग्रजीत 'स', 'फ' आणि टी-एच यांच्या आधीचा अनुनासिक गळतो. जर्मनमध्ये तो टिकला आहे: 'गान्स'. 'दन्त–टूथ', 'पञ्च–फाइव्ह' यांतही हेच. जर्मन 'त्सान', 'फ्युन्फ'.

आता उलट बाजूने कसोटी. 'डे' आणि 'दिवस' एकच, असे जवळपास प्रत्येकाला वाटते. पण संस्कृत 'द'ला इंग्रजीत 'टी' हवा, 'डी' नको. म्हणून 'दिवस', 'दिन' आणि लॅटिन 'दिएस' एका घरचे, आणि 'डे' बाहेरचा. काही अभ्यासक 'डे'ला 'दह्' (जळणे) या धातूशी जोडतात, पण ते सर्वमान्य नाही. 'देव' या शब्दाचा खरा इंग्रजी नातेवाईक 'ट्यूजडे'त लपला आहे: 'टिउ' हे एका जर्मानिक देवाचे नाव, मूळ शब्द 'देव'चाच, 'द'चा 'टी' झालेला.

नियम मोडलेला दिसला तर दोनच गोष्टी असू शकतात: नाते खोटे आहे, किंवा मोडण्यामागे दुसरा नियम आहे. 'डोअर' आणि 'द्वार' हे खरोखर नात्यातले, पण मग संस्कृतात 'ध्वार' हवे होते. ग्रीक 'थुरा' आणि लॅटिन 'फोरेस' मूळ महाप्राणाचीच साक्ष देतात. संस्कृतने 'द' केला तो बहुधा 'द्वि'च्या ओढीने, दाराला दोन फळ्या असतात म्हणून. असा अपवाद मान्य करायचा तर इतर भाषांचा पुरावा इतकाच भक्कम असावा लागतो.

'स'नंतरचा 'प', 'त', 'क' बदलत नाही, म्हणून 'स्था' आणि 'स्टँड' यांत 'टी' तसाच. आणखी एक अपवाद मराठी वाचकाला विशेष आवडेल असा आहे. भ्रातृ आणि पितृ, दोघांतही 'त'. पण प्राचीन इंग्रजीत 'ब्रोथोर' टी-एचने आणि 'फॅडर', 'मोडोर' मात्र 'डी'ने. असे का? डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नर यांनी १८७० च्या दशकात उत्तर शोधले ते वैदिक स्वरांत. ऋग्वेदाच्या पठणात 'भ्राता'चा उदात्त (चढा स्वर) पहिल्या अक्षरावर आहे, 'पिता' आणि 'माता' यांचा शेवटच्या. मूळ भाषेत 'त'च्या लगेच आधी उदात्त असेल तर टी-एच टिकला, नसेल तर 'डी' झाला. आजच्या इंग्रजीत 'फादर', 'मदर' पुन्हा टी-एचने लिहितात, तो पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमाराचा निराळा बदल. त्यामुळे आजचे स्पेलिंग घेऊन बसलात तर हा सगळा प्रकार दिसणारच नाही. जर्मनमध्ये फरक अजून शाबूत आहे: 'ब्रूडर' डीने, 'फाटर' आणि 'मुटर' टीने.

पायरी ७: अर्थाचा प्रवास

ध्वनी जुळला तरी अर्थाची साखळी दाखवावी लागते, आणि ती उद्धरणांतूनच दाखवता येते. 'नाइस' लॅटिन 'नेस्किउस' म्हणजे 'अजाण'पासून आला. १३०० च्या सुमारास इंग्रजीत त्याचा अर्थ 'मूर्ख' होता, मग 'चोखंदळ', मग 'काटेकोर, सूक्ष्म', आणि अठराव्या शतकात 'छान'. मधल्या पायऱ्या वगळून 'अजाण ते छान' असे कोणी सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. 'जंगल'चा प्रवासही बघण्यासारखा: संस्कृत 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख, आपल्याकडे तो रान झाला, इंग्रजीत दमट आणि घनदाट अरण्य.

थांबायचे कुठे

कोश 'मूळ अज्ञात' म्हणतो तेव्हा त्याचा मान राखा. 'डॉग' प्राचीन इंग्रजीत 'डॉग्गा' या रूपात क्वचितच सापडतो. जर्मानिक भाषांत कुत्र्याचा जुना, सर्वत्र असलेला शब्द 'हाउंड'. 'डॉग' कुठून आला हे कोणालाही खात्रीने सांगता आलेले नाही. अशा रिकाम्या जागी संस्कृत, तमिळ किंवा हिब्रू शब्द आणून बसवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना पाचवा रकाना दाखवावा.

सरावासाठी 'विडो', 'योक', 'थर्स्ट', 'कँडी' आणि 'शॅम्पू' हे पाच शब्द घ्या. पहिले तीन वारशाचे आहेत, त्यांना ग्रिमचा नियम लावून बघा. 'थर्स्ट'साठी आपली 'तहान' संस्कृतात कशी होती ते आधी शोधा. 'कँडी'त अरबी आणि फारसी पायऱ्या सुटू देऊ नका. 'शॅम्पू'ची अठराव्या शतकातली उद्धरणे वाचताना केस धुण्याचा उल्लेख सापडणार नाही. तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडणे, चंपी करणे असाच होता.